मिलिंद : एका नावाचा प्रवास

धर्मग्रामाच्या कपाटात जी जुनी पुस्तके जपून ठेवलेली असतात, त्यांत स्नानसंस्काराच्या नोंदवहीइतके बोलके पुस्तक दुसरे नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यात, ज्या ज्या ठिकाणी सेवा करण्याचा योग आम्हांस आला, तेथील नोंदवह्या चाळताना नावांचे थर एकावर एक रचलेले दिसले. आरंभीच्या पानांवर पेत्रस, योसेफ, अंतोन, मरिया अशी नावे आहेत. पुढील पानांवर प्रकाश, विजय, सुनील, संगीता ही नावे येऊ लागतात. आणि अलीकडच्या पानांवर अधूनमधून एक नाव भेटते, मिलिंद.

हे नाव पुढे आले की घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी हळूच विचारतो, ‘फादर, हे नाव आपल्यात चालतं का?’ प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात कधी भीती असते, कधी नाराजी. एकाच्या मते हे नाव हिंदूंचे, दुसऱ्याच्या मते ते बौद्धांचे; ख्रिस्ती माणसाचे ते नव्हे, यावर मात्र दोघांचेही एकमत. या समजुतीला इतिहासाचा आधार कितपत आहे, हे पाहण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करीत आहोत.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. संस्कृत कोशात ‘मिलिंद’ या शब्दाचा अर्थ भ्रमर, म्हणजे भुंगा, असा दिलेला आहे. कमळाभोवती रुंजी घालणारा मिलिंद संस्कृत काव्याच्या वाचकांना परिचित आहे, आणि जुन्या पंडिती मराठीतही तो आढळतो. पुष्कळ मराठी घरांत हे नाव ठेवताना हाच गोड अर्थ मनात असतो. परंतु इतिहासात मिलिंद हे ज्याचे नाव म्हणून प्रसिद्धीस आले, त्याचा भुंग्याशी काही संबंध नाही. तो होता एक ग्रीक राजा, आणि त्याचे मूळ नाव होते मेनान्द्रोस. उच्चाराने सारखे झालेले हे दोन शब्द आज एकाच नावात नांदत आहेत.

अलेक्झांडर भारताच्या वेशीवरून परत फिरला, तरी त्याच्यामागून आलेले ग्रीक लोक बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानच्या प्रदेशात, स्थिरावले. त्यांच्यातील काही राजांनी पुढे हिंदुकुश ओलांडून काबूलचे खोरे, गांधार आणि पंजाब येथे राज्ये स्थापिली. या सर्वांत मोठा राजा मेनान्द्रोस. त्याचा काळ इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाचा मध्य, सुमारे १५५ ते १३०, असा मानला जातो. त्याची राजधानी सागल. बहुतेक अभ्यासक हे नगर म्हणजे आजचे सियालकोट असे मानतात. त्याने अलेक्झांडरपेक्षाही अधिक लोकांना जिंकले, असे एका जुन्या इतिहासकाराच्या आधारे स्ट्रेबो या भूगोलकाराने नमूद केले आहे.

मेनान्द्रोस या नावाचे दोन भाग पडतात. पहिला भाग बहुधा ‘मेनो’ या क्रियापदातून आला. त्याचा अर्थ राहणे, टिकून राहणे, जागा न सोडणे. दुसरा भाग ‘आनेर’ या शब्दाचे रूप, त्याचा अर्थ पुरुष. म्हणजे मेनान्द्रोस हा ठाम उभा राहणारा पुरुष. ‘आनेर’ आणि आपला ‘नर’ हे दोन शब्द भाषाशास्त्राच्या दृष्टीने सख्खे भाऊ आहेत. याच शब्दापासून ‘आन्द्रेआस’ हे नाव झाले, ज्याला आपण मराठी बायबलात अंद्रिया म्हणतो. पेत्राचा हा भाऊ, प्रभू येशूच्या पहिल्या शिष्यांपैकी एक, आणि नावाने मिलिंदाचा जवळचा नातलग! ‘मेनो’ हे क्रियापदही आपल्याला अनोळखी नाही. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू द्राक्षवेलीचा दृष्टान्त सांगतो आणि फांदीने वेलात राहावे तसे माझ्यात राहा असे शिष्यांना विनवितो. तेथे मूळ ग्रीक भाषेत हेच क्रियापद पुनःपुन्हा येते.

ग्रीक मेनान्द्रोसाचा मिलिंद कसा झाला, हे समजावून घेण्यास मराठी माणसाला फार दूर जावे लागत नाही. संस्कृतातील निंब आपल्या तोंडी लिंब झाला आणि नवनीताचे लोणी झाले. आरंभीच्या ‘न’चा ‘ल’ होणे ही आपल्या जिभेची जुनी सवय आहे. मेनान्द्रोसाच्या नावात तर दोन ‘न’ जवळजवळ आले होते, त्यांतील एकाने ‘ल’चे रूप घेतले. चंद्राचा चांद होताना ‘द्र’चा ‘द’ झाला, तसेच येथेही घडले. मेनान्द्रोसाचा प्राकृतात मेनंद्र झाला आणि पाली भाषेत मिलिंद. एक परकीय राजा या मातीत इतका रुजला की लोकांनी त्याचे नाव आपल्या जिभेच्या वळणाने घडवून घेतले.

मेनान्द्रोसाच्या नाण्यांवर हा मिलाफ डोळ्यांनी पाहता येतो. एका बाजूस ग्रीक लिपीत ‘बासिलेओस सोतेरोस मेनान्द्रू’ आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. महाराज, त्राता, मेनंद्र यांचे हे नाणे, असा दोन्हींचा अर्थ. ख्रिस्ती वाचकाने ‘सोतेर’ या शब्दापाशी क्षणभर थांबावे. संत लूकाच्या शुभवर्तमानात बेथलेहेमच्या मेंढपाळांना देवदूताने ज्याच्या जन्माची वार्ता सांगितली, त्याच्यासाठी हाच शब्द योजिलेला आहे. ग्रीक राजे ही पदवी स्वतःला लावून घेत, आणि तिचा अर्थ संकटातून रक्षण करणारा राजा एवढाच असे. तरी ज्या शब्दाने पुढे ख्रिस्तसभेने आपल्या प्रभूला हाक मारली, त्याचे भारतीय भाषांतर ख्रिस्तजन्मापूर्वी शतकाहून अधिक काळ या नाण्यांवर उमटले होते. आपण आजही प्रार्थनेत ‘त्राता’ म्हणतो.

ही नाणी पंजाबातच राहिली असे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेले तांबड्या समुद्राचे प्रवासवर्णन उपलब्ध आहे. अपोलोदोतस आणि मेनान्द्रोस यांची जुनी नाणी भडोचच्या बाजारात आपल्या काळीही चालतात, असे तो सांगतो. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असून तेथून गाड्यांतून माल भडोचला येतो, असेही तो लिहितो. पैठण म्हणजे आमच्या शेवगाव तालुक्याच्या सीमेपलीकडे, गोदावरीच्या पैलतीरावर वसलेले नगर. पैठणच्या गाडीवानांच्या हाती मेनान्द्रोसाचे एखादे नाणे पडले असेल, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

ग्रीक माणसे तर आणखी जवळ आली होती. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या जुन्नर परिसरातील लेण्यांत स्वतःला यवन म्हणविणाऱ्या दात्यांचे शिलालेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने तेथे पाण्याची दोन टाकी खोदून दिली. चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. नाशिकच्या लेण्यांतील एका लेखात उत्तरेकडील दत्तामित्री नगरचा यवन, धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त, याने केलेल्या दानाची नोंद आहे. दत्तामित्री हे देमेत्रियस या ग्रीक राजाच्या नावावरून वसलेले नगर असावे, असे अभ्यासक मानतात. गावाचे नाव ग्रीक वळणाचे, बापाचे नाव बौद्ध, मुलाचे नाव वैदिक देवतांवरून आलेले, आणि दान मात्र बौद्ध भिक्षुसंघाला! या दात्याला आपले यवनपण लपवावेसे वाटले नाही आणि येथील नाव घेण्यात कमीपणाही वाटला नाही. ग्रीक राजाचे नाव भारतीय होत असताना ग्रीक वंशाची माणसे भारतीय नावे घेत होती. नावांचे हे देणेघेणे दोन्ही बाजूंनी चालले होते.

मिलिंदाला अमर केले ते मात्र नाण्यांनी नव्हे. त्याची कीर्ती ‘मिलिंदपञ्ह’ म्हणजे ‘मिलिंदाचे प्रश्न’ या पाली ग्रंथावर उभी आहे. राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादाचा हा ग्रंथ. त्याचे एक रूप इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या सुमारास चिनी भाषेत गेले. ब्रह्मदेशात तर त्याला धर्मग्रंथांच्या मालिकेत स्थान मिळाले. पालीतील मूळ ग्रंथ ट्रेंकनर या पंडिताने १८८० साली रोमन लिपीत प्रसिद्ध केला, ऱ्हीस डेव्हिड्स यांचे इंग्रजी भाषांतर १८९० व १८९४ साली दोन खंडांत निघाले, आणि रा. द. वाडेकर यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईत छापली गेली. या ग्रंथात राजा स्वतःच सांगतो की, आपला जन्म अलसंद येथील कलसी गावी झाला. अलसंद म्हणजे अलेक्झांड्रिया, अलेक्झांडरच्या नावाने वसलेल्या अनेक नगरांपैकी एक.

आमच्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही की, या ग्रंथातील पहिला मोठा वाद नावावरूनच पेटतो. राजा भिक्षूला नाव विचारतो. भिक्षू म्हणतो, मला नागसेन म्हणतात खरे, पण ते केवळ व्यवहारासाठी ठेवलेले नाव आहे; त्यामागे कायमचा असा कोणी ‘मी’ सापडत नाही. राजा चकित होतो. मग नागसेन त्याला त्याच्याच रथाविषयी विचारतो: चाके म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागते. या उत्तराशी आपण ख्रिस्ती लोक पूर्णपणे सहमत होऊ शकत नाही. आपल्या श्रद्धेप्रमाणे देव माणसाला त्याच्या नावाने हाक मारतो आणि मेंढपाळ आपल्या प्रत्येक मेंढराला नावाने ओळखतो. तथापि एका सम्राटाने भिक्षूसमोर नम्रपणे बसून प्रश्न विचारावेत आणि उत्तर पटले तर तसे मोकळेपणाने मान्य करावे, हा आदर्श कोणत्याही धर्माच्या माणसाला शिरोधार्य वाटावा.

मिलिंदाने अखेरीस राज्य पुत्राच्या हाती सोपवून प्रव्रज्या घेतली, असे बौद्ध परंपरा सांगते. ग्रीक लेखक प्लुटार्क वेगळी हकीकत देतो. मेनान्द्रोस छावणीत मरण पावला. तो न्यायाने राज्य करणारा असल्याने त्याच्या अस्थींसाठी नगरांत चढाओढ लागली, आणि शेवटी रक्षा सारखी वाटून घेऊन प्रत्येक नगराने आपापल्या ठिकाणी स्मारक उभारले. दोन हकीकतींचा मेळ बसत नाही, पण तो न्यायी होता याविषयी दोन्ही परंपरा एकमुखाने बोलतात.

येथवरचा इतिहास ग्रीकांचा आणि बौद्धांचा झाला. पण हेच नाव ख्रिस्ती इतिहासातही तीन ठिकाणी भेटते, आणि याची जाणीव आपल्यापैकी फार थोड्यांना आहे. राजा मिलिंदाच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी अथेन्समध्ये मेनान्द्रोस नावाचा प्रसिद्ध विनोदी नाटककार होऊन गेला. कुसंगतीने चांगले वळण बिघडते, अशा अर्थाचे त्याच्या नाटकातील एक वचन पुढे म्हणीसारखे लोकांच्या तोंडी झाले. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात ते वचन घेतले आहे, आणि ते मेनान्द्रोसाचे असल्याचे संत जेरोम यांनी सांगितले आहे. पुनरुत्थानावरील त्या महान अध्यायात विदेशी नाटककाराचे वाक्य घेताना प्रेषिताला संकोच वाटला नाही.

दुसरा मेनान्द्रोस मात्र आपल्याला अभिमान वाटावा असा नाही. तो शोमरोनचा, जादूगार शिमोनाचा शिष्य. अंत्युखियात त्याने अनेकांना भुलविले, असे दुसऱ्या शतकातील संत जस्टिन हुतात्मा यांनी लिहून ठेवले आहे. एवढ्यावरून हे नाव पाखंडी ठरवावयाचे असेल, तर यहूदा हे नावही टाकावे लागेल. आणि त्या नावाचा एक प्रेषित तर संत म्हणून आपल्या वेदीवर पूजनीय आहे.

तिसरा मेनान्द्रोस हा आमच्या लेखाचा खरा आधार होय. आशिया मायनरमधील बिथुनिया प्रांतात प्रुसा नावाचे नगर होते, आजचे तुर्कस्तानातील बुर्सा. तेथील महागुरू पत्रिक्य आणि त्यांचे सोबती अकाक्य, मेनान्द्रोस व पोलियेनस यांनी श्रद्धेसाठी प्राण दिले. जुन्या रोमन हुतात्मावलीत २८ एप्रिल रोजी या चौघांची नावे एकत्र घेतली आहेत. पूर्वेकडील ख्रिस्तसभा त्यांचे स्मरण १९ मे रोजी करते. म्हणजे ज्या नावाविषयी आपले वडीलधारे साशंक असतात, ते नाव मुळात एका हुतात्म्याचे नाव आहे. हा हुतात्मा त्या काळी मराठी मुलखात जन्मला असता, तर लोकांनी त्याला मिलिंद म्हणूनच हाक मारली असती!

पण क्षणभर असे धरू की, असा हुतात्मा झालाच नसता. तरी काय बिघडले असते? आरंभीच्या ख्रिस्ती लोकांची नावे पाहावीत. रोमकरांस पत्रात उल्लेखिलेल्या फिबीचे नाव चंद्रदेवतेचे. त्याच पत्रातील हर्मेस हे तर ग्रीक देवाचेच नाव. फिलिप्पैकरांस पत्रातील एपफ्रदीत हे नाव आफ्रोदिते देवीवरून आलेले, आणि अथेन्सच्या दियोनुस्याचे नाव मद्याच्या देवावरून. स्नानसंस्कारानंतर यांपैकी कोणी नाव बदलल्याचे नव्या करारात कोठेही आलेले नाही. त्यांनी जीवन बदलले, आणि ती नावेच पवित्र झाली. मुलांना पेत्र आणि पौल यांची नावे ठेवण्याची प्रथा तिसऱ्या शतकात रूढ होत असल्याचे अलेक्झांड्रियाचे महागुरू दियोनुस्य यांच्या लेखनावरून दिसते. आणि हे सांगणारा महागुरू स्वतः दियोनुस्य हेच नाव धारण करणारा!

संतांची नावे ठेवावीत असा आग्रह त्रेंत धर्मपरिषदेनंतर १५६६ साली निघालेल्या रोमन धर्मशिक्षणग्रंथात दिसतो. १९१७ च्या धर्मसंहितेने धर्मगुरूंना सांगितले की, ख्रिस्ती नाव ठेवले जाईल असे पाहा. पालक ऐकत नसतील तर त्यांनी निवडलेल्या नावाला एका संताचे नाव जोडा आणि दोन्ही नोंदवहीत लिहा. आम्ही पाहिलेल्या जुन्या नोंदवह्यांतील दुहेरी नावांचे मूळ याच नियमात आहे. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतर १९८३ साली जी नवी धर्मसंहिता आली, तिच्या ८५५ व्या कलमात अपेक्षा एवढीच उरली की, ख्रिस्ती भावनेला परके असे नाव ठेवले जाऊ नये, याची आईवडिलांनी, धर्ममातापित्यांनी आणि धर्मगुरूने काळजी घ्यावी. मिलिंद हे नाव ख्रिस्ती भावनेला परके आहे काय? वरील इतिहास वाचल्यावर कोणी होय म्हणेल, असे आम्हांस वाटत नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. ऑगस्ट १९४२ मध्ये पकडलेल्या राष्ट्रीय नेत्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. तेथील बंदिवासात पंडित नेहरूंनी ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ लिहिला, आणि तो १९४६ साली प्रसिद्ध झाला. भारत आणि ग्रीस यांच्या संबंधांविषयी लिहिताना त्यात मिलिंद राजाचा उल्लेख आलेला आहे. आमच्या जिल्ह्याच्या भुईकोटात बसून एक बंदिवान त्या ग्रीक राजाची आठवण काढीत होता, ही गोष्ट आम्हांस हृद्य वाटते.

त्यानंतर हे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोचविण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीचा वाटा मोठा आहे. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. ते मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झाले आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. एक नाव प्रश्न विचारणाऱ्याचे, दुसरे उत्तर देणाऱ्याचे; विद्यालयाला याहून समर्पक नावे कोणती मिळणार? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, आणि त्यानंतर सिद्धार्थ, गौतम, राहुल, नागसेन, मिलिंद ही नावे पाळण्यात ऐकू येऊ लागली. तथापि ती एका समाजापुरती राहिली नाहीत. मुंबईचे एके काळचे क्रिकेट कर्णधार मिलिंद रेगे, ‘शाळा’ या कादंबरीचे लेखक मिलिंद बोकील, अभिनेते मिलिंद गुणाजी आणि दलित उद्योजकांची संघटना २००५ साली पुण्यात उभारणारे मिलिंद कांबळे ही निरनिराळ्या क्षेत्रांतील मंडळी एकाच नावाची.

पाळण्यातील या बदलाचे मोल ज्यांनी हीन नावे भोगली त्यांनाच कळेल. गावकुसाबाहेरच्या मुलांना केरू, दगडू, धोंडू अशी नावे असत. मूल जगावे म्हणून काही नावे आईबापच ठेवीत हे खरे, पण गावाने त्यांचे केऱ्या, दगड्या, धोंड्या करून जो तुच्छतेचा सूर त्यांत मिसळला, त्याला कोणते नवसाचे कारण होते? केंदळ, वळण, राहाता, संगमनेर, हरेगाव येथील आपल्या पूर्वजांपैकी पुष्कळांना स्नानसंस्काराच्या वेळी पहिल्यांदाच पूर्ण आणि सन्मानाचे नाव मिळाले. त्यांच्याच भाऊबंदांना १९५६ नंतर तो सन्मान मिलिंद आणि नागसेन या नावांनी मिळाला. आपल्या जिल्ह्यात अशी अनेक घराणी आहेत की, जेथे एक भाऊ चर्चला जातो आणि दुसऱ्याचे कुटुंब बुद्धविहारात. मावशीच्या घरचा मिलिंद आपल्या घरच्या लग्नात वाढपाला उभा असतो. मग त्याच नावाने आपल्या बाळाला हाक मारली, तर ती नात्याची हाक म्हणून का ऐकू नये?

येथे एका आक्षेपाला उत्तर देणे आवश्यक आहे. काही जण म्हणतात, अशी नावे ठेवणारे आपला धर्म लपवितात. कागदोपत्री ख्रिस्ती दिसू नये एवढाच त्यांचा हेतू असतो. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशाच्या सवलती १९९० पासून बौद्धांना मिळतात आणि ख्रिस्ती झालेल्या त्याच जातींच्या लोकांना मिळत नाहीत, हे सत्य आहे, आणि त्या अन्यायाची सल प्रत्येक घरात आहे. या सलेपोटी कोणी नावाची निवड केली, तर तिचा दोष त्या आईबापांच्या माथी मारण्यापूर्वी आपण दहादा विचार करावा. शिवाय नावामुळे श्रद्धा टिकत नाही आणि नावामुळे ती जातही नाही. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, तरी ते अखेरपर्यंत नारायण वामनच राहिले. अहमदनगर महाविद्यालयाचे संस्थापक डॉ. हिवाळे यांचे नाव भास्कर पांडुरंग. ते दोघे आपल्या पंथाचे नव्हते, पण त्यांच्या ख्रिस्तनिष्ठेबद्दल शंका घेण्याचे धारिष्ट्य कोण करील? उलट पेत्र आणि पौल ही नावे मिरविणारे काही जण नाताळाखेरीज चर्चची पायरी चढत नाहीत. अशांना पाहून ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आठवते.

संतांच्या नावांविषयी आम्हांस अनादर नाही. पेत्र, योसेफ, मरिया ही नावे आपल्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या नांदावीत, अशीच आमची इच्छा आहे. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या आईवडिलांनी विचारपूर्वक मिलिंद हे नाव निवडले, त्यांना वेदीसमोर ओशाळवाणे व्हावे लागू नये. धर्मगुरूंनी ते नाव मोकळ्या मनाने नोंदवहीत लिहावे. धर्ममातापित्यांनी २८ एप्रिल हा दिवस लक्षात ठेवून त्या बाळाला प्रुसाच्या हुतात्म्याची कथा सांगावी. आणि ते बाळ मोठे होऊन प्रश्न विचारू लागले की कोणी त्याला गप्प बसवू नये, कारण प्रश्न विचारणे हा मिलिंदाचा जुना वारसा आहे. ठाम उभे राहणे हा त्या नावाचा मूळ अर्थ. प्रभूच्या द्राक्षवेलीत ते फांदीप्रमाणे टिकून राहिले, तर त्याने आपले नाव सार्थ केले असे म्हणता येईल.